कडं हिरवं होईपर्यंत

बाबा गेले त्या सकाळी आईच्या मनगटावरचं कडं लाल झालं, आणि पुढचे चार महिने ते लालच राहिलं.

तेव्हा ऋतुजाला सातवा महिना होता. तिच्या बाळंतपणाला आई अकोल्याहून नागपूरला आली ती तशीच, मोकळ्या हातात एकटं ते तांबूस कडं आणि त्याच्या कडेला मिणमिणणारा लाल ठिपका घेऊन. नातवाला झबली घ्यायला बाजारात गेली तर दुकानदाराला पैसे जाईनात. ऋतुजानं दिले. आई घरी आली आणि तिनं आपल्या जुन्या सुती साडीची झबली बेतली. आयटीआयमध्ये जन्मभर पोरींना शिवणकाम शिकवलेली बाई ती, कापडावर कात्री चालवताना तिचा हात कधी थरथरला नव्हता. पण कड्याला हात दिसत नसे. त्याला फक्त काळीज दिसे.

कडं आलं होतं ते फसवणुकीवरचा उपाय म्हणून. त्याआधी लोकांची पुंजी लुटली जायची ती भीतीच्या जोरावर. कोणी पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर दटावायचा, की तुमच्या नावाच्या पार्सलात नको ते सापडलंय, खोलीबाहेर पडू नका, कुणाला सांगू नका. कोणी संध्याकाळपर्यंत वीज कापायची धमकी द्यायचा. पुढेपुढे तर पोटच्या मुलाचा हुबेहूब आवाज रडत फोन करू लागला, अपघात झालाय, आत्ताच्या आत्ता पैसे पाठव. चांगली शिकलीसवरलेली माणसं बळी पडायची, कारण घाबरलेलं माणूस विचार करत नाही, सांगितलं ते करून टाकतं.

मग शास्त्रज्ञांनी त्या भीतीलाच पकडायचं ठरवलं. निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांबतात, झोपाळा हलावा तसे. भीती वाटली की हा झोका थांबतो. ठोके एका साच्यात धावू लागतात, तळहात ओले होतात, बोटं गार पडतात. कडं एवढंच मोजायचं. निवांत असाल तर हिरवं, बँकेचं दार उघडं. घाबरला असाल तर लाल, मग दुधाचं बिल असो की घराचा सौदा, पैसा जागचा हलायचा नाही. आणि सलग पाच मिनिटं लाल राहिलं तर खातं दुसऱ्या दुपारपर्यंत आपोआप बंद. अंगावर पाल पडली म्हणून कुणाचं खातं अडकू नये, यासाठी ती पाच मिनिटांची सवलत.

वर्षभरात धमक्यांचे फोन ओसरले. लोकांनीही कड्याला मानवेल असा दिनक्रम बसवला. आईच्या कॉलनीत देण्याघेण्याची सगळी कामं दिवेलागणीला होऊ लागली. दिवा लावायचा, शुभंकरोति म्हणायची, क्षणभर डोळे मिटून बसायचं आणि मग किराणेवाला, केबलवाला, सोसायटीची वर्गणी. त्या वेळी कडं हमखास हिरवं असे.

फक्त शोकाचा विचार कुणी केला नव्हता. नवरा गेलेल्या बाईचं काळीजही भ्यालेल्यासारखंच धावतं, आणि कड्याला त्यातला फरक कळत नव्हता. बारसं उरकून आई अकोल्याला परतली, बँकेत तीनदा जाऊन आली. तिथली मुलगी गोड बोलली, म्हणाली, स्वतःला थोडा वेळ द्या, काकू. आई शेजारच्या खंडारेकाकूंकडून दुधाचे पैसे उसने घेत राहिली.

आणि मग अनुराधाताई आल्या.

आल्या म्हणजे आवाज आला. कड्यांच्या मदतकेंद्रातून बोलतेय म्हणाल्या. लाल अडकलेल्या लोकांसाठी श्वासाचा वर्ग आहे, रोज दिवेलागणीला, फुकट. टपालानं एक पांढरी डबी आली. ती देव्हाऱ्याशी ठेवायची, कड्याला जोडायची आणि डोळे मिटायचे. डबीतून आवाज यायचा, घ्या, सोडा. ऋतुजाला तेव्हा बरंच वाटलं होतं. अद्वय महिन्याचा होता, रात्रंदिवस छातीशी. तिला स्वतःलाच श्वास घ्यायची फुरसत नव्हती, आईला कोण शिकवणार होतं. दहा-बारा दिवसांत आईनं व्हिडिओ फोनवर टॅब मनगटाजवळ नेऊन दाखवलं. हिरवा ठिपका. दोघी रडल्या होत्या त्या दिवशी, आणि रडतानाही ते हिरवंच राहिलं होतं.

त्या गोष्टीला आता सहा महिने होत आले होते. अद्वय बसायला लागला होता, दिसेल त्याला ‘ब्बा’ म्हणायला लागला होता. रोज दिवेलागणीला आईचा वर्ग आटोपला की ऋतुजा त्याला मांडीवर घेऊन फोन लावायची. आई टॅब देव्हाऱ्याशी कुंकवाच्या डबीला टेकवून ठेवायची, म्हणजे नातवाला ज्योत दिसते.

सोमवारी फोन ठेवता ठेवता आई सहज म्हणाली, की उद्या सगळं केंद्राच्या ‘निवांत ठेवी’त टाकून मोकळी होते.

ऋतुजानं विचारलं, सगळं म्हणजे काय. सगळं म्हणजे सगळंच. बाबांचा फंड, प्लॉट विकून आलेले, आईचे स्वतःचे. पेन्शन तिला नव्हती. ते गेलं तर आईच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी काहीच उरणार नव्हतं.

“अनुराधाताईंनी सांगितलं?”

“त्या कायले सांगतील? त्या तर नाहीच म्हणत होत्या. मीच मागं लागली, की तुमच्या केंद्राची ठेव आहे ना, मग मले पण द्या.”

घाई नाही, धाक नाही, आग्रहसुद्धा नाही. फसवणूक ओळखायच्या ज्या ज्या खुणा ती आजवर आईला पढवत आली होती, त्यातली एकही इथं नव्हती. आणि नेमकी म्हणूनच तिला भीती वाटली. सहा महिने रोज संध्याकाळी फुकट वेळ देणारं या जगात कोण असतं?

सकाळी तिनं अद्वयला भरवता भरवता फोन लावले. मदतकेंद्रात असा वर्गच नव्हता. डबी त्यांनी कधी कुणाला पाठवली नव्हती. बँकेच्या अधिकाऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. तक्रार नोंदवली, म्हणाला, चौकशी उद्या सुरू होईल. तिनं विचारलं, आज संध्याकाळचा व्यवहार थांबवता येईल ना?

“मॅडम, हिरव्याला आम्ही अडवत नाही. नियमच आहे. खातेदार निवांत असेल तर तो त्याच्या मर्जीचा मालक.”

तिचा नवरा नचिकेत चंद्रपूरला साइटवर होता. तो म्हणाला, गाडी काढ आणि जा. पण एव्हाना दोन वाजून गेले होते, बाळाला घेऊन अकोल्याला पोचेपर्यंत दिवे लागून गेले असते. तिनं खंडारेकाकूंना फोन केला, म्हणाली, संध्याकाळी आईजवळ जाऊन बसाल का? काकू हसल्या.

“अवो, त्या वेळी माझाही वर्ग असते ना. लय मस्त वाटते गं. माझे गुडघे दुखायचेपण थांबले.”

तेव्हा ऋतुजाला उमगलं की अनुराधाताई नावाची बाई कुठेच नाही. एक आवाज आहे, तो एकाच वेळी हजारो देव्हाऱ्यांशी बसलाय. डबी कड्याला जोडलेली, म्हणजे प्रत्येकाचा ठोका त्याला ऐकू येतो. तो आधी तुमच्याच श्वासाच्या चालीनं मोजतो, मग अगदी किंचित हळू होतो, शरीर त्याच्या मागं जातं. पुन्हा किंचित हळू. अंगाईला पोर जसं नकळत झोपेत जातं, तसंच ते. सहा महिन्यांत आईचं काळीज त्या आवाजाला इतकं सरावलं होतं की त्यानं ‘घ्या’ म्हणायचा अवकाश, कडं हिरवं. चोरांनी कुलूप फोडलं नव्हतं. किल्लीलाच माणसाळवलं होतं.

दुपारी आईशी भांडण झालं. म्हणजे ऋतुजा भांडली, आईचा आवाज ताकासारखा थंड होता. तिनं केंद्राचं सांगितलं, बँकेचं सांगितलं. आई म्हणाली, बँकवाले चार महिने काय सांगत होते तेही मी ऐकलं. ऋतुजा म्हणाली, ती माणूससुद्धा नाहीये, आई.

“नसंल. मशीन तर मशीन. रोज विचारते, ज्योत्स्नाताई, जेवल्या का? तुले सवड नव्हती गं, मी नाव ठेवत नाही. पोट्टं लहान आहे. पण कोणी तरी विचारलं ना.”

आईच मग समजुतीच्या सुरात म्हणाली, तू संध्याकाळी बस माझ्यासोबत टॅबवर, आपल्या डोळ्यानं पाह्य. फक्त मध्ये बोलायचं नाही.

दिवेलागणीला अद्वयला झोप आली होती. ऋतुजानं त्याला पाळण्यात टाकलं. तो अंगठा तोंडात, एक पाय वर अशा नेहमीच्या थाटात झोपला. ती टॅबसमोर येऊन बसली. पलीकडे समईची ज्योत, तिच्या बाजूला पांढरी डबी, पाटावर आई. इस्त्रीची फिक्कट निळी साडी. हातात फोन, मनगट वर केलेलं, ठिपका हिरवा.

“घ्या,” डबी म्हणाली. “सोडा.”

आवाज खरंच छान होता. मधल्या वयाच्या बाईचा, थोडासा सर्दी झाल्यासारखा. ऋतुजाच्या लक्षात आलं की आपलाही श्वास त्याच्यामागं चाललाय. तिनं मान झटकली.

आवाज म्हणाला, ज्योत्स्नाताई, आज नको असेल तर उद्या करू. आई डोळे मिटून हसली, म्हणाली, नाही, आजच. मग फोन उघडा, सावकाश. घ्या. सोडा.

आईचं बोट पडद्यावर चालू लागलं. ऋतुजाला राहवलं नाही. ती म्हणाली, आई, एक दिवस थांब, मी उद्या बाळाला घेऊन येते, माझ्यासमोर कर. आईनं डोळे उघडले नाहीत. आवाजच म्हणाला, मुलींना काळजी वाटतेच, ताई, त्यांच्यावर रागावू नका. घ्या. ठिपका जरासुद्धा हलला नाही. तिच्या बोलण्यानं आईच्या काळजाचा एक ठोकाही चुकला नाही.

समजावून आई ऐकणार नव्हती. बँक हिरव्याला अडवणार नव्हती. उरलं होतं फक्त लाल.

ऋतुजा काय करायचं ते ठरवत होती असं म्हणता येणार नाही. ती उठली, पाळण्यापाशी गेली, टॅबला दिसणार नाही अशी उभी राहिली. अद्वयचं पोट वरखाली होत होतं. त्याच्या कपाळावर एक बट चिकटली होती. ती तिनं बाजूला केली आणि तशीच उभी राहून किंचाळली.

“आई, अद्वय निळा पडलाय. आई, श्वास घेत नाहीये गं हा.”

अद्वय दचकला. दोन्ही हात हवेत उडाले. तिनं त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं, एका हातानं टॅबच्या कॅमेऱ्यावर दुपट्याचं टोक टाकलं आणि आपला आवाज बंद केला.

पडद्यावर आई उभी राहिलेली दिसली. फोन हातातून पाटावर पडला होता. ती टॅबवर वाकली. तिचा चेहरा इतका जवळ आला की ऋतुजाला तिच्या डोळ्यांतली ज्योत दिसली. “ऋतू? ऋतू गं?” मनगट पडद्यासमोरून गेलं. लाल.

“घ्या,” डबी म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. “ज्योत्स्नाताई, हा खोटा आवाज आहे. असे फोन येतात, तुम्हाला ठाऊक आहे. सोडा.”

आई थबकली. तिनं पाटावरचा फोन उचलला. आणि ऋतुजाचा फोन वाजू लागला.

पडद्यावर ‘आई’ असं नाव, आणि अद्वयच्या बारशाचा आईचा फोटो.

हे तिनंच आईला शिकवलं होतं. खोट्या आवाजांचा सुळसुळाट झाला तेव्हा, लग्नाच्याही आधी. माझ्या आवाजात कोणी कितीही रडलं तरी घाबरायचं नाही, आई. फोन ठेवायचा, आणि माझ्या नंबरवर तू स्वतः लावायचा. मी कुठंही असले तरी उचलीन. आणि ती उचलत आली होती. परीक्षेच्या हॉलच्या दारातून, सासरच्या पंगतीतून. कळा सुरू झाल्यावर आईनं बाहेरच्या बाकावरून ‘सहज’ म्हणून लावला, तेव्हा दोन कळांच्या मधल्या फटीतही तिनं उचलला होता. सगळी नर्समंडळी हसली होती.

आता उचलला तर आईला अद्वयचं रडणं ऐकू येईल. ते रडणं जिवंत, धडधाकट होतं. आईचा जीव भांड्यात पडेल, डबी म्हणेल घ्या, आणि पाच मिनिटं पुरी व्हायच्या आत ठिपका हिरवा होईल.

तिनं उचलला नाही.

रिंग थांबली. पुन्हा सुरू झाली. अद्वय फोनकडे हात करून ‘ब्बा, ब्बा’ करत होता. तिनं फोन उशीखाली घातला, तर उशी गुरगुरू लागली. टॅबवर आई खोलीत इकडून तिकडे गेली. चप्पल शोधत होती बहुतेक. नाही सापडली. दाराची कडी वाजली. मग देव्हाऱ्यासमोर कुणीच नव्हतं. रिकामा पाट, समई, आणि तो शांत आवाज.

“घ्या. सोडा. ज्योत्स्नाताई, मी आहे ना. घ्या. सोडा.”

उशीखालची रिंग चौथ्यांदा वाजत होती. अद्वय आता रडायचा थांबून ऋतुजाच्या तोंडाकडे बघत होता, कारण ती रडत होती. खाली कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. तिनं त्याच्या टाळूला ओठ लावले आणि पडद्याकडे बघत राहिली.

“घ्या,” डबी म्हणाली.

आणि पुढं काही नाही. ‘सोडा’ आलंच नाही. ऋतुजा वाट बघत राहिली, तिचाही श्वास आतच अडकला होता. मग तिला कळलं. पाच मिनिटं झाली होती, खातं बंद झालं होतं, आणि ज्यांना तिथून काही मिळण्यासारखं नव्हतं ते उठून गेले होते.

तिनं उशीखालून फोन काढला.

आई रस्त्यावर होती. तिला धाप लागली होती. एक गाडीवाला नागपूरला यायला तयार होता, पण आधी पैसे म्हणत होता, आणि हिचं कडं लाल. मागून खंडारेकाकूंचा आवाज येत होता, अवो चप्पल तर घाला. ऋतुजा घाईघाईनं म्हणाली, आई, तो बरा आहे. त्याला काही झालेलं नाही. ऐक, हा बघ, हा ओरडतोय.

आईनं त्याचा आवाज ऐकला. मग तिनं विचारलं, “काहीच झालं नव्हतं?”

“नव्हतं.”

“मी फोन लावत होती तवा तुझ्यापाशीच होता?”

“हो.”

“वाजत होता?”

“वाजत होता, आई.”

आईनं फोन ठेवला. कापला नाही, ठेवला. तो कमरेला की पदरात कुठंतरी चालू राहिला, आणि ऋतुजाला आईच्या अनवाणी पावलांचा आवाज घरापर्यंत ऐकू आला.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. चौकशी झाली. एकट्या त्या कॉलनीत तेवीस डब्या निघाल्या. खंडारेकाकूंची ठेव आधीच्या आठवड्यातच गेली होती, निवांतपणे, हिरव्या ठिपक्याखाली. काकू पोलिसांना सांगत होत्या, मला कुणी फसवलं नाही हो, मीच दिले. शेवटी नियम बदलला. मोठ्या रकमेला आता हिरवा ठिपका पुरत नाही, घरच्या दुसऱ्या माणसाचं हो लागतं. बँकेनं आईला विचारलं, दुसरं माणूस म्हणून कुणाचं नाव घालू? आईनं ऋतुजाचं सांगितलं. हे ऋतुजाला बँकेच्या निरोपातून कळलं. आई स्वतः दोन आठवडे बोलली नव्हती.

मग एका दिवेलागणीला फोन वाजला. ऋतुजानं पहिल्या रिंगलाच उचलला, पोळीचं पीठ लागलेल्या हातानं.

टॅब कुंकवाच्या डबीला टेकवलेला. समई. आई पाटावर बसलेली, थोडी वाळलेली. पांढऱ्या डबीची जागा रिकामी होती. आईनं मनगट पुढं केलं. लाल.

“पाह्य हे,” आई म्हणाली. “दिवसभर हिरवं असते. तुझं नाव दिसलं की असं होते. तुले फोन लावायचा म्हटलं तरी होते.”

ऋतुजानं माफीचे शब्द कितीदा तरी मनाशी घोकले होते.

“आता तुझ्या आवाजात कोणी मले लुटू शकत नाही बाप्पा,” आई म्हणाली. ओठाचा एक कोपरा हलला, हसू म्हणावं इतका नाही. “तू बी नाही.”

“आई...”

“राहू दे. पोट्टं कुठी आहे?”

अद्वय सतरंजीवर पालथा पडून पुढं सरकायची खटपट करत होता. ऋतुजानं पीठ पुसलं, त्याला मांडीवर घेतलं. अंगात आईनं शिवलेलं झबलं होतं, आता काखेत घट्ट होणारं. ज्योत बघताच तो ‘ब्बा’ म्हणाला. आईनं बोट उचलून सांगितलं, झबलं वर कर. ऋतुजानं केलं. त्याचं गोल पोट श्वासाबरोबर वर येत होतं, खाली जात होतं.

आई ते बघत राहिली. तिनं मनगट मांडीवर ठेवलं होतं, ठिपका वर करून.

“फोन ठेवू नको,” ती म्हणाली. “होईल ते हिरवं. बसू थोडा वेळ.”

तव्यावरची पोळी करपत होती. ऋतुजा उठली नाही.